लहान शहराचा मोठा चित्रकार



चित्रकाराला चित्र सुचतं कुठून? हा प्रश्न आमच्या नातवंडांनी आम्हाला कितीतरी वेळा विचारला आहे. लहानपणी आम्हालाही वाटायचं की कलावंत म्हणजे निराळीच माणसं. ती कुठल्याशा डोंगरावर जाऊन बसत असतील, रात्र रात्र जागत असतील, मग एके दिवशी डोक्यात वीज चमकत असेल आणि झालं चित्र तयार! प्रत्यक्षात असं फार क्वचित घडतं. पुष्कळ चित्रकारांना चित्रं सुचतात ती घराबाहेरच्या रस्त्यावर, बाजारात, नाहीतर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. तुम्ही आम्ही रोज जे बघतो तेच ते बघतात, पण जरा जास्त वेळ थांबून बघतात.

असं थांबून बघणाऱ्या एका चित्रकाराची आज आपण ओळख करून घेऊ. त्यांचं नाव नाहूम गुटमान. मुलांनो, त्यांची पुस्तकं तुम्हाला वाचनालयात सहज मिळतील. आणि आजी-आजोबांनो, हा लेख तुमच्यासाठीही आहे. किंबहुना जास्त करून तुमच्यासाठीच आहे. का ते शेवटी कळेल.

वाळूत वाढलेला मुलगा

नाहूमचा जन्म १८९८ साली बेसाराबियात झाला. तो भाग आज मोल्दोवा देशात आहे. वडील हिब्रू लेखक आणि शिक्षक होते. स. बेन-त्सियोन या टोपणनावाने ते लिहीत. १९०५ साली हे कुटुंब समुद्रमार्गे याफोला आलं. नाहूम तेव्हा अवघा सात वर्षांचा होता. म्हणजे तोही आपल्यासारखाच परक्या मुलुखातून आलेला. नवा देश, नवी भाषा आणि डोक्यावर तापलेलं ऊन. आपल्यापैकी जे लहान वयात आई-बापाचं बोट धरून इथे आले, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

हे कुटुंब नेवे त्सेदेकला राहू लागलं. याफोच्या तटबंदीबाहेर १८८७ साली वसलेली ही वस्ती म्हणजे लहान लहान घरं आणि अरुंद गल्ल्या. जवळूनच याफोहून येरुशलायीमला जाणारी आगगाडी धावायची. पलीकडे समुद्र, आणि उत्तरेला नजर जाईल तिथवर वाळूच वाळू.

त्या वाळूत ११ एप्रिल १९०९ रोजी एक गंमतीदार प्रसंग घडला. काही कुटुंबांनी मिळून वाळूची जमीन विकत घेतली होती. कुठला तुकडा कोणाचा, यावरून भांडण नको म्हणून त्यांनी समुद्रावरून शिंपले गोळा करून आणले. पांढऱ्या शिंपल्यांवर कुटुंबांची नावं लिहिली आणि करड्या शिंपल्यांवर जमिनीचे नंबर. मग एक पांढरा आणि एक करडा असे जोडीने उचलले, की झाली वाटणी. ६६ कुटुंबांना अशा चिठ्ठ्यांनी जागा मिळाल्या. तेल अवीवची सुरुवात ती ही अशी.

नाहूम त्या वेळी दहा वर्षांचा होता. शहर त्याच्या डोळ्यांदेखत वाढलं. पहिली घरं, पहिला रस्ता, पाण्याची पहिली टाकी, सरबत आणि सोडा मिळणारी पहिली टपरी. समुद्रावरून जाडी वाळू आणायला उंटांचे तांडे असत. तिला इथे ‘झिफझिफ’ म्हणतात. घर बांधणाऱ्या गवंड्यांना हीच वाळू लागायची. एकामागे एक बांधलेले उंट, पाठीवर दोन बाजूंना वाळूच्या पेट्या, आणि पुढे गाढवावर बसलेला त्यांचा मालक. मोठ्या माणसांना ही रोजचीच वाहतूक. पोरांना मात्र तो रोजचा तमाशा. तिकीट नाही, काही नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की झालं.

हर्त्सल रस्त्याच्या टोकाला ‘गिमनासिया हर्त्सलिया’ ही शाळेची भव्य इमारत उभी राहिली. चार घरांच्या त्या गावात ती एखाद्या राजवाड्यासारखी दिसायची. गावातल्या कोणालाही रस्ता विचारा, तो या शाळेकडे हात करूनच सांगणार. आणि गावाचे नगराध्यक्ष मेईर दिझेनगोफ हे घोडीवर बसून गावभर फेरी मारायचे. मुलांनो, तुमचे नगराध्यक्ष घोड्यावरून शाळेसमोर आले तर कसं वाटेल, सांगा बघू!

हे सगळं त्या मुलाने बघितलं आणि मनात साठवून ठेवलं. त्याची ठेव तीच. पुढे आयुष्यभर तो त्यातूनच खर्च करत राहिला, आणि ती कधी संपली नाही.

रंग कुठून आले

पुढे नाहूम येरुशलायीमच्या बेत्सालेल कलाशाळेत शिकायला गेला. तिथले बरेच गुरुजन युरोपातून आलेले होते. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० ते १९२६ या काळात, तो व्हिएन्ना, बर्लिन आणि पॅरिस इथे शिकत होता. मोठमोठी चित्रसंग्रहालयं बघितली, नव्या पद्धती शिकला. १९२६ साली तो परत आला.

परत आल्यावर त्याची आणि त्याच्या तरुण मित्रांची एक अडचण झाली. युरोपात ऊन मवाळ, आभाळ ढगाळ, सावल्या अंधुक. इथे भर दुपारी ऊन असं पडतं की पांढरी भिंत डोळ्यांना खुपते आणि सावली निळीशार दिसते. तिकडचे करडे रंग इथे चालेनात. मग त्यांनी काय केलं? जुनी पुस्तकं मिटली आणि दाराबाहेर जाऊन बसले. याफोचं बंदर, ओझी वाहणारे हमाल, कोळ्यांच्या होड्या, संत्र्यांच्या बागा, बकऱ्या चारणारा गुराखी, हे सगळं त्यांच्या चित्रांत आलं. झळझळीत निळा, पिवळा, हिरवा असे रंग आले.

त्याच वर्षी, म्हणजे १९२६ साली, गुटमान यांनी काढलेलं ‘दुपारची विश्रांती’ हे चित्र खूप गाजलं. त्यात ना राजा आहे ना लढाई. शेतात राबून थकलेली माणसं दुपारी जरा आडवी झाली आहेत, इतकंच. पण त्यांचे हातपाय असे भरदार काढले आहेत की जणू ती त्या जमिनीतूनच उगवली असावीत. कोकणात भातकापणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाखाली अशी माणसं आम्ही लहानपणी कितीदा बघितली! डोक्याखाली मुंडासं, बाजूला विळा आणि पाण्याचं मडकं. त्यात चित्र काढण्यासारखं काही आहे, हे मात्र आमच्या कधी डोक्यात आलं नाही.

दर आठवड्याला मुलांसाठी

गुटमान मोठ्यांसाठी चित्रं काढत होतेच, पण घराघरांत त्यांचं नाव पोचलं ते मुलांमुळे. १९३० नंतरच्या दशकात ‘दावार लयेलादीम’ हे मुलांचं नियतकालिक सुरू झालं. त्यासाठी ते सुमारे तीस वर्षं चित्रं काढत होते. अंक निघायचा तर चित्र वेळेवर हवंच. आज सुचत नाही, मूड नाही, असं म्हणून भागत नाही. स्वयंपाकाला कंटाळा आला म्हणून आई मुलांना उपाशी ठेवते का? तसंच हे. रोज बसायचं, रोज काढायचं.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. साधं शाईचं पेन आणि मोजक्या रेघा. एका रेघेत गाढवाची पाठ, दोन रेघांत कान, एका ठिपक्यात डोळा. तेवढ्यात ते गाढव हट्टी आहे की गरीब, हे आपल्याला कळतं. मुलांनो, हे दिसतं सोपं, पण एकदा करून बघा. गाढव नीट निरखल्याशिवाय पाच रेघांत गाढव येत नाही.

१९३३ साली कवी बियालिक यांच्या मुलांसाठीच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. त्यातली चित्रं गुटमान यांची. इथे वाढलेल्या कित्येक पिढ्यांना ती गाणी आणि ती चित्रं एकत्रच आठवतात. मग त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा प्रवास केला आणि त्यावरून ‘लोबेनगुलू राजाच्या देशात’ ही साहसकथा लिहिली. राजाने लपवलेल्या खजिन्याचा शोध, जंगल, सिंह, सगळं आहे त्यात. गंमत म्हणजे गोष्ट सांगणारा कोण, तर स्वतः चित्रकार गुटमान! खरं किती आणि थापा किती, हे मुलांनीच ओळखायचं. घरोघरी आजोबा गोष्टी सांगतात त्या अशाच की. वाघ दर वेळी थोडा मोठा होतो.

१९७८ साली त्यांना इस्राएल पारितोषिक मिळालं. हा आपल्या देशाचा सर्वांत मोठा सन्मान. पण तो चित्रकलेसाठी नव्हता बरं का. तो होता बालसाहित्यासाठी. मुलांसाठी केलेलं काम हलकं नसतं, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

जे पाडलं गेलं, ते चित्रात उरलं

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

गुटमान साठीला आले तोवर त्यांचं लहानपणीचं गाव जवळजवळ नाहीसं झालं होतं. वाळूचे ढीग सपाट झाले, उंट गेले, मोटारी आल्या. जुनी माणसं एकेक करून निघून गेली. त्या वेळी त्यांनी दोन पुस्तकं लिहिली आणि त्यांना स्वतःच चित्रं काढली. १९५८ साली ‘संत्र्याच्या सालींची वाट’ आलं. त्यात पहिल्या महायुद्धाच्या काळातली गोष्ट आहे. १९५९ साली ‘लहान शहर आणि त्यात थोडी माणसं’ आलं. नावातच सगळं आलं, नाही का? कोणी मोठा पराक्रम केला म्हणून नाही, तर तिथे थोडी माणसं राहत होती आणि ती एकमेकांना ओळखत होती, म्हणून ते पुस्तक.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६२ साली, गिमनासिया हर्त्सलियाची ती सुंदर इमारत पाडली गेली. पुष्कळांना वाईट वाटलं, पण तोवर उशीर झाला होता. त्या जागेवर १९६५ साली शालोम टॉवर उभा राहिला, चौतीस मजली. तेव्हा साऱ्या मध्यपूर्वेत एवढी उंच इमारत दुसरी नव्हती. आपल्यापैकी कित्येकजण त्या काळात नवे नवे आले होते. डिमोना, बेर शेवा, लोद किंवा रामलेहून तेल अवीवला जायचं आणि मान वर करून टॉवर बघायचा, ही तेव्हाची सहल! तिथे आधी काय होतं हे आपल्याला माहीतच नव्हतं.

पण गुटमान यांना माहीत होतं. १९६६ साली त्यांनी त्याच टॉवरमध्ये भिंतीवर रंगीत दगडी तुकड्यांचं भलंमोठं चित्र केलं. अशा चित्राला मोझाइक म्हणतात. त्यात याफो आणि तेल अवीवची कहाणी आहे. ज्या जागेवरून शाळा पुसली गेली, त्याच जागेवर जुनं गाव त्यांनी पुन्हा बसवलं. रडले नाहीत, भांडले नाहीत, एकेक तुकडा जोडत गेले.

१९८४ साली इस्राएलमध्ये जुन्या वास्तू जपण्यासाठी एक मंडळ स्थापन झालं. पाडलेल्या गिमनासियाचं दर्शनी रूप हेच त्या मंडळाचं बोधचिन्ह आहे. शाळा वाचली नाही, पण तिच्या आठवणीने दुसऱ्या कितीतरी इमारती वाचल्या. आज कोणाला विचारलं की ते छोटं तेल अवीव कसं होतं हो, तर लोक फोटो दाखवतात. फोटोत भिंती दिसतात, रस्ते दिसतात. पण तिथली मजा कशी होती, पायाला वाळू कशी लागायची, कोण कोणाला बघून हसायचं, हे बघायचं असेल तर गुटमान यांचं पुस्तक उघडावं लागतं.

नोव्हेंबर १९८० मध्ये गुटमान गेले. नेवे त्सेदेकमधल्या एका जुन्या घरात १९९८ साली त्यांच्या चित्रांचं संग्रहालय उघडलं. म्हणजे चित्रं फिरून त्याच गल्ल्यांत आली.

वाळूतून डोंगरात

कोणी म्हणेल, गुटमान तर शहराच्या जन्माचे साक्षीदार. त्यांना विषयांची काय कमी? म्हणून त्याच काळातल्या दुसऱ्या एका कलावंत बाईंची गोष्टही थोडक्यात सांगतो. त्या येरुशलायीमच्या. त्यांना तर दगड आणि वाळलेले काटेच मिळाले होते.

आना टिखो यांचा जन्म १८९४ साली ब्रनो शहरात झाला. चित्रकला त्या व्हिएन्नात शिकल्या. १९१२ साली येरुशलायीमला आल्या आणि डॉक्टर अव्राहाम टिखो यांच्याशी त्यांचं लग्न झालं. डॉक्टर डोळ्यांचे. त्या काळी खुपऱ्यांमुळे असंख्य लोकांची दृष्टी जायची. डॉक्टरांच्या दवाखान्यात ज्यू, अरब, श्रीमंत, गरीब सगळे यायचे. आनाबाई तिथे मदतनीस म्हणून राबायच्या.

युरोपच्या हिरव्या रानांची सवय असलेल्या डोळ्यांना इथले उघडे डोंगर आणि भगभगीत ऊन झेपेना. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी जवळजवळ काही काढलंच नाही. पहिल्या महायुद्धात हे जोडपं दमास्कसला होतं. तिथे त्यांनी पुन्हा पेन्सिल हाती घेतली. परत आल्यावर मात्र त्या थांबल्या नाहीत. ऑलिव्हच्या झाडाचा पिळवटलेला बुंधा, उन्हाळ्यात वाळून गेलेलं काटेरी झुडूप, दगडांच्या भेगा, दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे. आधी बारीक टोकदार पेन्सिलीने, एकेक पान मोजल्यासारखं. उतारवयात मात्र कोळशाने मोठमोठे कागद भरले. तेव्हा त्या डोंगरासमोर जाऊन बसत नव्हत्या. घरात बसून आठवणीने काढायच्या. इतकी वर्षं बघून बघून डोंगर हातात उतरला होता.

१९२४ साली या जोडप्याने याफो रस्त्याजवळ एक जुनं दगडी घर घेतलं. खाली दवाखाना, वर राहायची जागा. डॉक्टर १९६० साली वारले. आनाबाई १९८० साली गेल्या, त्यांना इस्राएल पारितोषिक मिळालं त्याच वर्षी. जाताना त्यांनी आपलं घर, पुस्तकं आणि चित्रं येरुशलायीमच्या लोकांना देऊन टाकली. नवरा लोकांना दृष्टी देत होता आणि बायको त्या दृष्टीने काय बघावं हे दाखवत होती. असा संसार!

आता आपलं

आजी-आजोबांनो, लेखाच्या सुरुवातीला म्हटलं होतं की हे तुमच्यासाठी आहे. ते असं.

आपल्यातल्या वयस्क माणसांना कोणी विचारलं की तुमच्या गावाचं काहीतरी सांगा, तर उत्तर ठरलेलं असतं. “अहो, आमचं काय सांगण्यासारखं? साधं गाव, साधी माणसं.” आम्हीही असंच ऐकत आलो. पण साधं गाव आणि साधी माणसं यावरच तर गुटमान यांनी पुस्तक केलं! मग आपल्या रेवदंड्याने, अलिबागने, पेण-पनवेलने काय पाप केलं आहे?

आपल्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव आपल्याला शनिवार तेली म्हणायचं. घाण्याभोवती फिरणारा बैल कसा दिसायचा? त्याच्या डोळ्यांवर झापड का बांधायचे? ताज्या तेलाचा वास कसा यायचा? मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या लाँचमध्ये कोण कुठे बसायचं, आणि लाट आली की कोण ओरडायचं? सॅम्युएल स्ट्रीटवर सणाच्या आदल्या दिवशी काय गडबड असायची? मलिद्यासाठी पोहे भिजवताना आजी काय गुणगुणायची? इथे आल्यावर मआबरातल्या पत्र्याच्या खोलीत पहिल्या पावसाचा आवाज कसा आला? हे सारं ज्यांच्या डोळ्यांत आहे ती माणसं आता थोडी उरली आहेत. नातवंडांना मराठी येईना, त्यांची हिब्रू आपल्याला भरभर समजेना, म्हणून घरात पुष्कळदा दोन्हीकडून गप्प बसणं होतं. पण चित्राला भाषा लागत नाही. आजीने खडूने ओबडधोबड घाणा काढला तरी नातू विचारणारच, “सवता, हे काय?” विचारलं की गोष्ट सुरू झाली.

मुलांनो, आता तुमचं काम. ते तीन भागांत आहे.

पहिलं, आजीला किंवा आजोबांना एकच लहान प्रश्न विचारा. “तुमचं आयुष्य कसं होतं?” असा मोठा नको. “तुमच्या घराच्या दारातून बाहेर बघितलं की काय दिसायचं?” असा विचारा. ते सांगतील तसं तुम्ही कागदावर काढा. चुकलं तर ते लगेच सांगतील, “अरे, विहीर उजव्या बाजूला होती!” त्यांनी चूक काढली म्हणजे त्यांना अजून सगळं आठवतंय.

दुसरं, रोज शाळेच्या वाटेवर दिसणारी एक वस्तू निवडा. बस-थांबा, कोपऱ्यावरचं फलाफलचं दुकान, एखादं झाड, काहीही चालेल. आठवडाभर ती रोज पाच मिनिटं बघा आणि रोज काढा. सातवं चित्र पहिल्यासारखं नसेल, बघाच तुम्ही.

तिसरं, कागदाच्या मागे तारीख, गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. हे आज फालतू वाटेल. पन्नास वर्षांनी तुमच्याच नातवंडांना ते सोन्यासारखं वाटेल.

तुम्ही चित्रकार व्हाल की नाही, ते पुढचं पुढे. पण दाराबाहेरची विहीर कागदावर आली, एवढं आत्ता होऊ शकतं. ज्यांच्या घरी अजून सांगणारं माणूस आहे, त्यांनी या शब्बाथची संध्याकाळ सरली की कागद आणि रंगीत खडू घेऊन त्याच्या शेजारी बसावं. चहा आजी करेल.